राग न्हाय न्हवं?

पुण्याहून तेजस्वीचा पहिला फोन आला तेव्हा निशिगंधा पोवार अकरावीच्या मुलांच्या फ्रेंचच्या वह्या तपासत होती. काम काय ते ऐकून ती म्हणाली, "बघते." कोल्हापुरात असं म्हटलं की समोरच्यानं पुन्हा फोन करायचा नसतो. पण तेजस्वीनं ते ‘हो’ धरलं, फ्रान्सला कळवून टाकलं, आणि आठवड्याभरात तिकडून विमानाचं तिकीटही निघालं.

काम साधं नव्हतं. तेजस्वी दत्तक गेलेल्या माणसांना त्यांचे जन्मदाते शोधून द्यायला मदत करत असे. एलोदी नावाची सदतीस वर्षांची बाई, कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेली आणि तान्ही असतानाच फ्रान्सला दत्तक गेलेली. तिची आई सापडली होती. आईनं भेटायला होकारही दिला होता. पण तेजस्वी पुण्यातल्या दुभाष्याला घेऊन गेली तेव्हा त्याच्या शुद्ध बोलण्यासमोर ती बाई तोंड मिटून बसली होती. म्हणून इकडची भाषा बोलणारं कुणीतरी हवं होतं. कोल्हापूरची भाषा आणि फ्रेंच, दोन्ही येणारी माणसं काही रस्त्यात पडलेली नव्हती.

निशिगंधाचं वय बेचाळीस. राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वर तिची क्लासची खोली. फ्रेंच घेतलं की बारावीला मार्क बरे पडतात म्हणून मुलं यायची, परीक्षा झाली की विसरून जायची. तिला मात्र ती भाषा मनापासून आवडायची. एकदा, लग्नानंतर दोन वर्षांनी, फ्रान्सला वर्षभर शिकवायला जायची संधी आली होती. सासऱ्यांनी "बघूया की" म्हटलं. तारीख निघून जाईपर्यंत ते बघतच राहिले. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. फ्रेंच माणसाशी समोरासमोर बसून बोलायची वेळ तिच्यावर आजवर आली नव्हती.

एलोदी शनिवारी आली. तिला घ्यायला निशिगंधा स्टेशनसमोरच्या हॉटेलवर गेली, तर बाहेर रिक्षावाला तिच्याशी हुज्जत घालत होता. "अवो ताई, मराठीत बोला की! आमच्यासमोर कशाला इंग्रजी फाडताय?" एलोदीचा सावळा रंग, रुंद कपाळ, ठसठशीत भुवया. बाजारात अशा दहा बायका दिसतात. एलोदी कसनुसं हसत उभी होती. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

क्लासच्या खोलीत बसून एलोदी बोलायला लागली आणि निशिगंधा गोंधळली. तिला काही समजेना. वीस वर्षं ती मुलांना शिकवत आली होती, ‘मला माहीत नाही’ म्हणजे ‘ज न से पा’. एलोदी म्हणत होती, ‘शेपा’. ‘हो’ म्हणजे ‘वी’, तर ही ‘वे’ म्हणे, तेही अर्धं गिळून. नकारातला अर्धा शब्द तर कुठं गायबच होता. नुसता सूर धरून ओळखायचं की ती हवं म्हणतेय की नको. निशिगंधानं हात जोडले. "सावकाश बोला. उद्या माझ्याकडून चूक झाली तर ती दुरुस्त करायला तिथं कुणी नसेल."

एलोदी थांबली. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "लहानपणापासून सगळे मला गोड करून सांगत आले. तुझ्या आईचं तुझ्यावर फार प्रेम होतं, म्हणून तिनं तुला दिलं. आमच्याकडच्या आईनं सांगितलं, शाळेत बाईंनी सांगितलं. त्यांना काय माहीत होतं? उद्या ती जे म्हणेल ते मला तसंच्या तसं हवं. नाही म्हणाली तर नाही. आणि मी म्हणेन तेही तिला तसंच सांगायचं. कबूल?"

"दाकॉर," निशिगंधा म्हणाली. कबूल. तो शब्द पुस्तकात दुसऱ्याच धड्यात येतो. पण एखाद्या माणसाला तोंडावर, खरोखर, तिनं तो पहिल्यांदाच दिला होता.

मग तिनंही एलोदीला काही गोष्टी सांगून ठेवल्या. इथली माणसं मान आडवी हलवतात तेव्हा नेहमी नाही म्हणत नसतात. गप्प बसणं म्हणजे नकार नव्हे. आणि ‘बघूया’ म्हणाली तर फार आशा धरू नका.

भेट रविवारी क्लासच्या खोलीत ठरली होती. एलोदीची आई, शांतव्वा, इचलकरंजीहून येणार होती. तिचा मुलगा वीरेश तिथं लूमवर, यंत्रमागावर, कामाला होता, त्या दिवशी त्याची दिवसपाळी होती. त्याला यातलं काहीही माहीत नव्हतं. नवरा वारला तोही हे न कळताच. शेजारणीबरोबर जोतिबाला जाते असं सांगून ती घरातून निघाली होती.

ती आत आली तेव्हा तिच्या हातात कापडी पिशवी होती आणि मुठीत गुलालाची पुडी. पुडी तिनं आधी निशिगंधाला दाखवली. "जाताना कपाळाला लावायला लागंल. कोरं कपाळ घिऊन घरी गेले तर इचारंल त्यो." पन्नाशी ओलांडलेली, काटक, डोक्यावर पदर. मग तिची नजर खिडकीजवळ उभ्या असलेल्या एलोदीवर गेली आणि ती जागच्या जागी थांबली.

पुण्याहून आलेल्या तेजस्वीला वाटलं असावं की आता मिठ्या पडतील. ती मोबाइल हातात घेऊन फोटोच्या तयारीत होती. निशिगंधानं तिला डोळ्यांनी दटावलं. शांतव्वा मुलांच्या बाकावर अगदी टोकाला बसली. एलोदी समोरच्या बाकावर. दोघींमध्ये निशिगंधा, आणि भिंतीला टेकून तेजस्वी. 

"जेवली का ती?" शांतव्वानं विचारलं. एलोदीकडे न बघता.

निशिगंधानं विचारलं. एलोदी हो म्हणाली. तेवढ्यात शांतव्वानं पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढून पुढं केली. "मेर्सी," एलोदी म्हणाली आणि हात किंचित मागे घेतला.

निशिगंधाची पहिली अडचण तिथंच आली. आभार मानले, एवढंच पुस्तकाप्रमाणं म्हणता आलं असतं. पण काही द्यायला गेलं आणि फ्रेंच माणूस हात मागे घेऊन ‘मेर्सी’ म्हणाला तर त्याचा अर्थ ‘नको’. "आत्ता नको म्हणती, मावशी." शांतव्वानं भाकरी मुकाट्यानं फडक्यात गुंडाळली. 

एलोदीनं पहिला प्रश्न विचारला. "माझे वडील कोण?"

निशिगंधानं सांगताच शांतव्वा म्हणाली, "न्हाय."

"नों," निशिगंधा म्हणाली.

"नों म्हणजे काय?" एलोदीचा आवाज चढला. "तिला माहीत नाही, की सांगायचं नाही?"

खरंच, कुठला ‘न्हाय’ तो? निशिगंधाला तो शांतव्वाकडून नीट सोडवून घ्यावा लागला. "मावशी, तुमाला ठावं न्हाय, का सांगायचं न्हाय?"

शांतव्वानं पदर पुढं ओढला. "ठावं हाय. सांगणार न्हाय. मेले तरी न्हाय. त्येचं घरदार हाय, पोरंबाळं हाईत, आणि मला बी याच पट्ट्यात ऱ्हायाचंय."

एलोदीनं ऐकून घेतलं. "दाकॉर," ती म्हणाली. कोरड्या, सपाट आवाजात.

"काय म्हणाली?" शांतव्वानं लगेच विचारलं.

"बरं म्हणाली," एवढं निशिगंधाच्या ओठावर आलं होतं. पण ते खरं नव्हतं. "ऐकलं म्हणती," ती म्हणाली. "पटलं असं म्हणत न्हाय."

शांतव्वानं मान हलवली. जरा वेळानं तिनं पहिल्यांदा समोर नीट पाहिलं. केसांकडं, कानांकडं, मांडीवर घट्ट गुंफून ठेवलेल्या हातांकडं. आणि अगदी हळू, जवळजवळ विनवल्यासारखं म्हणाली, "माझ्यावर राग न्हाय न्हवं तुझा?"

निशिगंधानं तो प्रश्न जसाच्या तसा तिकडं पोचवला. ‘नाही ना?’ असाच.

"सी," एलोदी म्हणाली, आणि तिनं मान डोलावली. वर, खाली. एकदाच.

शांतव्वाच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला. भिंतीजवळ तेजस्वीनं सुटकेचा श्वास टाकला. आपल्याकडं ‘राग नाही ना?’ म्हटल्यावर समोरच्यानं मान डोलावली की त्याचा अर्थ एकच, होय, नाही राग. तेजस्वीला फ्रेंच येत नव्हतं. शांतव्वाला तर नाहीच. दोघींनी आपापल्या भाषेत ती मान वाचली होती.

फ्रेंचमध्ये ‘हो’ला दोन शब्द आहेत. साध्या प्रश्नाला ‘वी’. पण समोरच्यानं ‘नाही ना?’ असं म्हटलं आणि आपल्याला ते खोडून काढायचं असलं, तर ‘सी’. आपल्याकडं कुणी म्हणावं, ‘घरात साखर न्हाय न्हवं?’ आणि आपण ठासून म्हणावं, ‘हाय की!’ एलोदीनं नेमकं ते म्हटलं होतं. राग हाय की.

खोलीत ही गोष्ट फक्त निशिगंधाला माहीत होती. ती काही बोललीच नसती तरी चाललं असतं. म्हातारी हसण्याच्या बेतात होती. अजून थोडा वेळ गेला असता तर तिनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवला असता, फोटो निघाला असता, दोघी आपापल्या घरी गेल्या असत्या. कुणाचं काय बिघडलं असतं?  एलोदी तिच्याकडं बघत होती. आईचा चेहरा असा कसा निवळला, हे तिला उमगत नव्हतं. "सांगितलंत तिला?" तिनं विचारलं.

"मावशी," निशिगंधा म्हणाली.  "राग हाय म्हणती."

"आँ?"

"न्हाय असं न्हवं. हाय म्हणती. हाय की, असं म्हणाली ती."

"मॅडम!" तेजस्वी पुढं आली. "हे आत्ता सांगायची गरज होती का?"

शांतव्वा उठली. पिशवी काखेत मारली, पदर सावरला आणि दाराकडं चालू लागली. एलोदी ताडकन उभी राहिली. "काय झालं? ती काय म्हणाली? कुठं चालली?" निशिगंधाकडं सांगण्यासारखं काही नव्हतं, कारण शांतव्वा काहीच बोलली नव्हती. तिनं कडीला हात घातला, आणि त्याच वेळी तिच्या कमरेला खोचलेला मोबाइल वाजायला लागला.

तिनं नाव पाहिलं, ते वीरेशचं होतं. फोन घेतला नसता तर त्यानं शेजारणीला लावला असता, आणि शेजारीण तर घरातच होती. तिनं घेतला.

"अव्वा, कुठवर पोचलीस?" आवाज एवढा मोठा की खोलीभर ऐकू आला. मागं लूमचा खडखडाट.

"देवळात हाय."

"देवळात? मग गलका कसा न्हाय गं?" थोडं थांबून, "रडतीस काय?"

"न्हाय."

"तुझा आवाज तसा यायलाय. कोण काय बोललं काय? मी येऊ?"

"नको! यिऊ नको म्हंते न्हवं!" ती एवढ्या जोरात ओरडली की तेजस्वी दचकली. "ठेव आता. दर्शनाचा नंबर आलाय." तिनं फोन बंद केला आणि दाराला पाठ टेकवून उभी राहिली. दार उघडायचं तिला सुचेना.

"तो कोण?" एलोदीनं विचारलं. तिला त्या बोलण्यातलं काही समजलं नव्हतं, पण तरुण पुरुषाचा आवाज आणि त्याची काळजी तिला समजली होती. "निशिगंधा, कोण होता तो?"

हे मात्र निशिगंधाचं सांगायचं नव्हतं. कबूल केलं होतं ते शांतव्वाच्या बोलण्यापुरतं, तिच्या मोबाइलमधून सांडलेल्या आवाजापुरतं नव्हे. "मावशी, कोण हाय विचारती. सांगू?"

शांतव्वानं मान हलवली. डावीकडं, उजवीकडं, थोडी तिरकी. ते होय होतं की नाही, हे जन्म इथंच काढलेल्या निशिगंधालाही सांगता येईना. आणि अंदाजावर चालण्यासारखी ही जागा नव्हती.

"असं नको. तोंडानं सांगा. होय का न्हाय?"

 खालून दवाखान्यातल्या पोराचं रडणं ऐकू येत होतं.

"सांग," शांतव्वा म्हणाली.

"तुमचा भाऊ," निशिगंधानं सांगितलं. "त्याला तुमच्याबद्दल माहीत नाही."

एलोदी मटकन बाकावर बसली. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलत होते, आवाज मात्र नव्हता. शांतव्वा दारातून ते बघत राहिली. मग परत आली आणि आधीच्या टोकाला न बसता त्याच बाकावर, तिच्या शेजारी बसली. मध्ये हातभर जागा ठेवून.

"राग हाय तर हाय," ती म्हणाली. "तिला सांग, बरं झालं बोलली ते. ती जर म्हणाली असती न्हवं, काय न्हाय, मी सुखात हाय, झालं ते चांगलं झालं, तर माझ्या जीवाला काय तरी झालं असतं. मला बी राग हाय. सदतीस वर्सं हाय. कुणावर काढू?"

निशिगंधा एकेक वाक्य तिकडं नेत होती. शांतव्वा आता थांबेना.

"अठराची होते मी. काका घिऊन गेलता बाळंतपणाला, लांब, वळखीचं कोण भेटू नये म्हणून. तू झालीस, आणि तिसऱ्या दिवशी एक बाई आली. म्हणाली, तुझी कबुली हाय का? मी काय बोलले न्हाय. काका शेजारी उभा. व्हय म्हणाले न्हाय मी. पर न्हाय बी म्हणाले न्हाय. गप बसले. तेच्यातच समदं ठरलं. माझा अंगठा काकानंच धरून उठवला." तिनं उजवा अंगठा पुढं धरला, जणू शाई अजून तिथंच होती. "तोंड उघडून न्हाय म्हणाले असते तर काय झालं असतं, ते मला ठावं न्हाय. मारली असती मला. कदाचित नसती बी."

 ‘कदाचित’ला फ्रेंचमध्ये शब्द आहे, ‘पतेत्र’, मुलं तो पेपरात कुठंही घालतात. तिनं तो उच्चारला आणि पुढचं वाक्य तिला सुधरेना. एलोदीनंच तिच्या मनगटावर हात ठेवला. मग तो हात तसाच पुढं सरकला आणि शांतव्वाच्या त्या अंगठ्यावर जाऊन थांबला. शांतव्वानं तो काढून घेतला नाही.

जायची वेळ झाली तेव्हा एलोदीनं विचारलं, "मी परत येऊ? आणि त्याला सांगाल?" निशिगंधानं तिचं ‘तुम्ही’ ‘तुम्ही’च ठेवलं होतं. आईला तुम्ही म्हणणारी ही पोर शांतव्वाच्या कानाला सारखी टोचत होती, ते दिसत होतं.

"बघूया," शांतव्वा म्हणाली.

"ऑं व्हेरा," निशिगंधानं तेच फ्रेंचमध्ये सांगितलं. पण एलोदीच्या चेहऱ्यावर कालचा इशारा लख्ख उमटला. आशा धरू नका, असं निशिगंधानंच तिला सांगितलं होतं. ते तसंच सोडणं निशिगंधाला जमेना. "मावशी, हे बघूया म्हंजे न्हाय म्हणायचंय काय?"

शांतव्वा उखडली. "बघूया म्हंजे बघूया! तुमाला काय समजतंय काय न्हाय? जल्मात पयल्यांदा कोणतरी मला इचारायलंय, व्हय का न्हाय. जरा ईचार करू दे की!"

हे भाषांतर करताना निशिगंधा रडत होती आणि हसतही होती. एलोदीला निम्मं ऐकूनच कळलं. शांतव्वानं भाकरीचं गाठोडं पुन्हा बाहेर काढून तिच्या मांडीवर ठेवलं, या खेपेला न विचारता. पुडी फोडली, गुलाल कपाळाला लावला आणि जिना उतरून गेली. तेजस्वीचा फोटो राहिलाच.

शांतव्वानं विचार करायला दिवाळीपर्यंत वेळ घेतला. मग एका दुपारी तिनं वीरेशला समोर बसवून सगळं सांगितलं. तो उठून बाहेर गेला आणि मित्राच्या खोलीवर राहिला. पाळी संपली की आईच्या दारात डबा घ्यायला यायचा, पण आत पाऊल टाकायचा नाही. एके दिवशी तो राजारामपुरीत निशिगंधाच्या दारात येऊन उभा राहिला. मुलं बाकांवर बसली होती.

"माझ्या आईला नादाला लावणारी तूच काय?"

निशिगंधा दारापर्यंत गेली. "मी कुणाला नादाला लावलं नाही," ती म्हणाली. "तुमची आई काय बोलली ते सांगितलं. तुमच्या बहिणीला सांगितलं. तुम्हाला ऐकायचं असेल तर तुम्हालाही सांगेन. पण आईसमोर. तिच्या मागं नाही."

तो जळफळत निघून गेला.

आता महिन्यातून एका रविवारी शांतव्वा येते. मोबाइल बाकावर उभा करून मायलेकी बोलतात, मध्ये निशिगंधा बसते. कधी भांडतात. वडिलांचं नाव शांतव्वानं अजून सांगितलेलं नाही आणि एलोदीनंही विचारायचं सोडलेलं नाही. मागच्या महिन्यात शांतव्वाला मोटरसायकलवरून सोडायला वीरेश आला. खालीच थांबला. बोलणं सुरू होऊन बराच वेळ झाल्यावर तो जिना चढून आला आणि दारात उभा राहिला. स्क्रीनवर एलोदीला तो दिसला. ती बोलता बोलता थांबली आणि तिनं हात वर केला. त्यानं केला नाही. पुढं आला, मोबाइल उचलून खिडकीकडं थोडा वळवला.

"अव्वाचं तोंड अंधारात हाय," तो निशिगंधाला म्हणाला. "तिला नीट दिसत नसणार." आणि पुन्हा दारात जाऊन थांबला.